नहेम्याचे दोन हात

आजचे वाचन: नहेम्या ४:१५-२३ आणि यहूदाचे पत्र, वचने ३-४



या महिन्यात आपण नहेम्याचं पुस्तक रोज थोडं थोडं वाचतोय. आजच्या भागात यरुशलेमेचा कोट अर्धा उभा राहिलाय आणि बाहेरून हल्ल्याची भीती आहे. म्हणून बांधकाम करणारे लोक एका हाताने काम करतात आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरतात. बांधणं थांबत नाही, राखणही सुटत नाही. याच्या जोडीला मी यहूदाचं पत्र मुद्दाम ठेवलंय. यहूदाला खरं तर आपल्या सर्वांच्या तारणाविषयी लिहायचं होतं. पण मंडळीत गुपचूप शिरलेलं खोटं शिक्षण पाहून त्याला विषय बदलावा लागला. देवाने आपल्या लोकांच्या हाती जो विश्वास सोपवला तो दर पिढीत नव्याने घडवायचा नसतो, तर जपायचा असतो, आणि त्यासाठी झटावं लागतं, हे तो कळकळीने सांगतो.

झटायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ग्रुपवर भांडायचं? समोरच्याला पाखंडी म्हणून ब्लॉक करायचं? की सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर असतं म्हणून गप्प बसायचं? आज याचं उत्तर मी एका माणसाच्या आयुष्यातून शोधणार आहे. त्यांचंही नाव नहेम्या, आणि ते आपले मराठी. फादर नहेम्या गोऱ्हे, म्हणजे मूळचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे.

आमच्या बुलढाण्याहून देऊळगाव राजामार्गे जालन्याकडे निघालं की नारायण शेषाद्रींच्या बेथेलची आठवण हमखास निघते. रेव्ह. टिळकांची गीतं उपासनेत गातच आपण लहानाचे मोठे झालो. पंडिता रमाबाई शाळेच्या पुस्तकातही भेटतात. गोऱ्ह्यांचं नाव मात्र बहुतेकांनी रमाबाईंच्या गोष्टीत ओझरतं ऐकलेलं असतं, तेवढंच. म्हणून आज थोडं सविस्तर.

नीलकंठशास्त्रींचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ चा, झाशीजवळच्या काशीपुरा गावातला. घराणं कोकणस्थ ब्राह्मणांचं, पण मराठ्यांच्या सत्तेबरोबर उत्तरेत गेलेलं आणि पुढे काशीत स्थिरावलेलं. तिथे संस्कृत व्याकरण आणि न्यायशास्त्र यांत मुलगा तयार झाला. न्यायशास्त्र म्हणजे तर्काचं शास्त्र. कोणतं विधान कोणत्या प्रमाणावर उभं आहे, ते प्रमाण खरंच तेवढं वजन पेलतं का, हे तपासण्याची शिस्त. ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली की पुढे आयुष्यभर तिने त्यांना साथही दिली आणि छळलंही.

वयाच्या विशीच्या आसपास त्यांनी काशीच्या बाजारात विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याचा उपदेश ऐकला. त्यांना ऐकून घ्यायचं नव्हतं, त्याला गप्प करायचं होतं. त्याच सुमारास जॉन म्यूर या ब्रिटिश अधिकाऱ्याने ख्रिस्ती धर्माच्या बाजूने संस्कृतात लिहिलेला 'मतपरीक्षा' हा ग्रंथ पंडितांमध्ये गाजत होता. नीलकंठशास्त्रींनी त्याला संस्कृतातच सडेतोड उत्तर लिहिलं, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. म्हणजे बघा, ज्या माणसाला आपण ख्रिस्ती विश्वासाचा राखणदार म्हणून आठवतोय, तो सुरुवातीला पलीकडच्या बाजूचा राखणदार होता, आणि तिथेही पूर्ण प्रामाणिक होता.

पण खंडन करायचं तर आधी नीट वाचायला हवं. ते बायबल वाचू लागले. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले, पुन्हा वाचलं, पुन्हा थांबले. हा काही एका रात्रीचा चमत्कार नव्हता. प्रश्न, उत्तर, परत प्रश्न असं काही वर्षं चाललं. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, घरच्यांपासून आणि काशीतल्या गदारोळापासून दूर, जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नहेम्या झाले.

याची किंमत काय पडली ते थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं तरी ते जड आहे. घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं, आणि पुढे त्या त्यांच्याकडे आल्या तरी संसार फार टिकला नाही. १८५३ साली मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई वारल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी गोऱ्हे, दुसऱ्यांच्या घरी वाढली, पुढे इंग्लंडला गेली. प्रभूच्या सान्निध्यातल्या शांतीवर तिने इंग्रजीत लिहिलेलं गीत जगभर गायलं गेलं.

१८५४ साली पंजाबचे तरुण महाराज दुलीपसिंग इंग्लंडला गेले तेव्हा त्यांचे शिक्षक म्हणून गोऱ्हे सोबत गेले. तिथे ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांची भेट झाली. पुढे म्यूलर यांनी लिहून ठेवलंय की हा तरुण पंडित फार निराश झाला होता. बायबल वाचून त्याने ख्रिस्ती देशाचं एक चित्र मनात काढलं होतं, आणि लंडनच्या रस्त्यांवर ते कुठेच दिसेना. आपल्यातले कितीतरी जण चर्चमधल्या माणसांकडे बघून विश्वास सोडतात. गोऱ्ह्यांनी माणसांकडून नजर काढून पुन्हा पुस्तकात घातली. विश्वास ख्रिस्तावर होता, इंग्लंडवर नव्हता.

परत आल्यावर त्यांनी जे लिहिलं त्यासाठी विद्वान त्यांना आजही ओळखतात. १८६० साली 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा हिंदी ग्रंथ आला. १८६२ साली फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृत पंडिताने त्याचं इंग्रजी भाषांतर कलकत्त्याला छापलं. यात सहाही दर्शनांची तपासणी आहे. तिच्या निष्कर्षाशी कुणी सहमत असो वा नसो, मला शिकण्यासारखी वाटते ती त्यांची पद्धत. आपल्याकडच्या शास्त्रार्थाचा नियम असा की आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःलाही मान्य होईल इतक्या नेमकेपणाने सांगायचं, मगच उत्तर द्यायचं. वेदान्तात सत्तेचे पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक असे तीन स्तर मानले आहेत. ते का मानले, त्यातून कोणती अडचण सुटते, हे ते आधी समजावतात आणि मग त्यावरचे आपले आक्षेप घेतात.

आमच्या कामात याला समांतर एक साधा नियम आहे. बग रिपोर्ट करायचा तर आधी तो रीप्रोड्यूस करून दाखव. नाहीतर टिकेट बंद. समोरच्याच्या शिक्षणातली चूक दाखवायची असेल तर ते शिक्षण आधी तुला नीट मांडता आलं पाहिजे. आज आपण तीस सेकंदांची रील पाहून अख्ख्या माणसाचा निकाल लावतो. गोऱ्ह्यांच्या हिशेबात हे राखण करणं नव्हेच.

आता मुख्य लढाईकडे येऊ. तिच्यात समोर उभे असलेले लोक शत्रू नव्हते, चांगले लोक होते.

१८६६ साली केशवचंद्र सेन यांनी कलकत्त्याला येशूविषयी एक व्याख्यान दिलं आणि ते देशभर गाजलं. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज सुरू झाला. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं पुढे त्यात आली. विधवांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी, जातिभेदाविरुद्ध त्यांनी केलेलं काम आपल्याला ठाऊक आहे. या मंडळींना येशूबद्दल खरा आदर होता. त्याची नीती, त्याचं प्रेम, त्याचं मरण, सगळ्याबद्दल. फक्त तो देव होता हे त्यांना नको होतं. अवतार नको, चमत्कार नकोत, देवाने दिलेलं शास्त्र नको. देवाचं ज्ञान माणसाला आतूनच, सहज होतं, असं त्यांचं म्हणणं.

नव्या विचारांच्या शिकलेल्या ख्रिस्ती तरुणाला हे किती सोयीचं वाटलं असेल! येशूही राहतो, समाजात मानही राहतो, आणि त्रैक्यासारखी अवघड गोष्ट समजावत बसावी लागत नाही.

म्हणणं तसं नवं नव्हतं. चौथ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या आरियसने हेच दुसऱ्या शब्दांत मांडलं होतं. पुत्र कितीही थोर असला तरी तो निर्माण केलेला, पित्याच्या बरोबरीचा नाही, असं तो शिकवायचा. ३२५ साली नायसियाला जमलेल्या मंडळींच्या पुढाऱ्यांनी ते नाकारलं. पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, हे मतांगीकारात लिहिलं गेलं. आणि त्यावर ठाम राहिल्याबद्दल अथनासियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. सम्राटाने त्रैक्य शोधून काढलं आणि चर्चवर लादलं, असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पुढचे सम्राटच आरियसच्या बाजूला झुकले आणि त्यांनीच अथनासियसला हाकललं, हे मात्र त्या व्हिडिओत सहसा नसतं.

गोऱ्हे या प्रश्नाला भिडले. मुंबई-पुण्यात त्यांनी या मंडळींसमोर जी व्याख्यानं दिली त्यांतली चार १८७५ साली छापली गेली. त्यांचा एक मुद्दा मला फार आवडतो. ते विचारतात की पवित्र, प्रेमळ, शून्यातून सृष्टी करणाऱ्या देवाची ओळख जर प्रत्येकाला आतून सहजच होत असेल, तर बुद्धीने इतके थोर असलेले आपले दर्शनकार तिथे का पोचले नाहीत? ही ओळख तुम्हाला बायबलच्या उजेडात झाली. आता त्या उजेडात उभं राहून दिवा नाकारू नका. १८८९ साली त्यांनी यावर एक पुस्तिकाच लिहिली. ब्राह्मो मत आज अस्तित्वात आहे, हाच ख्रिस्ती धर्म देवाकडून आल्याचा पुरावा आहे, असा तिचा रोख.

आणि दुसरा मुद्दा याहून हळवा. १८८७ साली प्रभूच्या देवपणाचे पुरावे मांडणारं त्यांचं पुस्तक आलं, तेही एका स्नेह्याला लिहिलेलं पत्रच. त्यात ते म्हणतात की यहूदी सोडले तर आम्हा हिंदूंइतकी ख्रिस्तासाठी तयारी देवाने दुसऱ्या कोणाची केलेली दिसत नाही. देव माणसांत येतो, ही कल्पना आम्हाला परकी नाही. अनन्य भक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा हे शब्द आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो. ज्या घरातून त्यांना बाहेर पडावं लागलं त्या घराचं ऋण ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. विश्वासाची राखण करण्यासाठी आपल्या माणसांचा तिरस्कार करावा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पत्र लक्षात ठेवावं.

आता रमाबाई. १८८२ साली त्या पुण्याला आल्या, तिथे गोऱ्ह्यांशी ओळख झाली. एक काशीत तयार झालेला शास्त्री, दुसरी आईच्या तोंडून संस्कृत शिकलेली विदुषी. दोघांना एकमेकांची भाषा कळत होती. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला प्रमाण काय, या प्रश्नावर गोऱ्ह्यांनी जे लिहिलं त्याने आपल्या बुद्धीची समजूत पटली, हे रमाबाईंनी मान्य केलं आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंना त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या देवपणाविषयी गंभीर प्रश्न पडले. त्यांनी ते लपवले नाहीत. सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आजही वाचता येतो, आणि त्यात रमाबाई सहजासहजी मान डोलावत नाहीत. अशा प्रश्नांना घाबरून त्यांना गप्प केलं असतं तर कदाचित आपण रमाबाईंना गमावलं असतं. पुढे कितीतरी वर्षांनी, तारणारा म्हणून ख्रिस्त स्वतः आपल्याला भेटला, असं त्यांनी लिहिलं. तोवर आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही, असंही त्यांना वाटलं. केडगावचं मुक्ती मिशन, मूळ भाषांतून केलेलं मराठी बायबल, हे सगळं त्यानंतरचं. युक्तिवादाने माणूस दारापर्यंत येतो, आत नेणारा पवित्र आत्मा. पण दारापर्यंतची वाट कुणीतरी साफ ठेवावी लागते.

आणि आता गोऱ्ह्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. या माणसाला स्वतःला शंका छळत होत्या. एकदोन वर्षं नाही, जवळजवळ आयुष्यभर. दुसऱ्यांना उत्तरं देणारे गोऱ्हे रात्री स्वतःच्याच उत्तरांत फटी शोधत बसायचे आणि मित्रांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगायचे. बाप्तिस्म्यानंतर अँग्लिकन चर्चमध्ये दीक्षा घ्यायला त्यांना वीस वर्षं लागली. १८७६ साली ते कावली फादर्स या संन्यासी संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पुण्यातलं पंचहौद मिशन याच संघाचं. पण अखेरची शपथ त्यांनी कधीच घेतली नाही. आयुष्यभर उमेदवारच राहिले. साधं खाणं, साधं राहणं, लोकांशी तासन्तास बोलणं, लांबलचक पत्रं लिहिणं. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला.

तरीही शंका आहेत म्हणून त्यांनी शिक्षण पातळ केलं नाही. त्रैक्य अवघड आहे म्हणून वगळलं नाही, न्यायाच्या दिवसाची गोष्ट लोकांना आवडत नाही म्हणून गाळली नाही. माझ्या मनाची अवस्था रोज बदलते, सोपवलेली ठेव बदलत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. शंका त्यांनी देवापुढे आणि भावंडांपुढे मांडल्या, पण त्यांना सिद्धांत म्हणून शिकवलं नाही.

मित्रांनो, हे सगळं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं आहे असं वाटत असेल तर आमच्या भागातली एक गोष्ट सांगतो. मोताळा तालुक्यात माझ्या नात्यातल्या एक आत्या आहेत. सोयाबीनची थोडी शेती, मधुमेह जुना. मोबाईलवर त्या एका उपदेशकाचे व्हिडिओ बघू लागल्या. त्याचं नाव घेत नाही. त्याचं शिक्षण असं की गोळी घेणं म्हणजे अविश्वास, आणि आधी पैशांचं बी पेराल तर आरोग्याचं पीक घ्याल. आत्यांनी हंगामाच्या पैशांतले काही पाठवले आणि गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी पायाची जखम चिघळली, दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. त्यांना त्या बोटांपेक्षा जास्त दुखत होतं ते वेगळंच. आपल्याच विश्वासात खोट होती म्हणून देवाने ऐकलं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका रोज दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागल्या. त्यांनी त्या उपदेशकाला एकही शिवी दिली नाही. तो काय म्हणतो ते आधी आत्यांकडूनच पूर्ण ऐकून घेतलं. मग बायबल उघडलं. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी काय घ्यायला सांगतो ते वाचलं (१ तीमथ्य ५:२३). लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो ते वाचलं (कलस्सै ४:१४). त्रफिम आजारी होता आणि पौलाने त्याला मिलेतात तसाच मागे ठेवला ते वाचलं (२ तीमथ्य ४:२०). शेवटी वधस्तंभापाशी येऊन थांबल्या. तिथे जो मेला तो जर खरंच देव असेल, तर त्याचं प्रेम पैसे पाठवून विकत घ्यायचं काहीच उरत नाही. आत्या आता गोळ्या घेतात आणि प्रार्थनाही करतात.

खोटं शिक्षण परीक्षेच्या पेपरातली चूक नसते. ते कुणाच्या तरी पायात, पाकिटात, मनात घुसतं. येशू फक्त थोर गुरू असेल तर माझ्या पापाची क्षमा करायचा अधिकार त्याला कुठला? मग मी पुन्हा माझ्याच प्रयत्नांवर येऊन पडतो. म्हणून नायसिया, म्हणून अथनासियस, म्हणून गोऱ्हे, आणि म्हणून त्या शिक्षिकाबाई. नहेम्याच्या कोटावर दोन्ही हात लागतात. नुसतं शस्त्र धरलं तर भिंत वाढत नाही, नुसती भिंत बांधली तर रात्री कुणीतरी पाडून जातं.

आज मननासाठी:

१. मी ज्याच्यावर विश्वास ठेवतो ते मला पाच वाक्यांत सांगता येईल का? आज प्रेषितांचा मतांगीकार सावकाश वाचा आणि एकेका ओळीखाली बायबलमधला एक संदर्भ लिहा.

२. ज्या शिक्षणाशी मी असहमत आहे ते मला, समोरच्याला पटेल इतकं नीट, मांडता येतं का?

३. माझ्या ओळखीत असा कोण आहे ज्याला उत्तरापेक्षा आधी जवळ बसणारं माणूस हवंय? या आठवड्यात त्याला फोन करा. फॉरवर्ड पाठवू नका.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू देवाचा पुत्र, तूच आमचा तारणारा. तू आमच्या हाती दिलेलं आम्ही सांभाळून पुढच्यांच्या हाती देऊ असं कर. आमच्या शंका आम्ही तुझ्यापासून लपवत नाही. बोलताना आम्हाला सत्य दे आणि सत्य बोलताना प्रेम दे. जे फसवले गेले त्यांना बरं कर, आणि जे फसवतात त्यांनाही माघारी आण. आमेन.

उद्याचे वाचन: नहेम्या ५. कर्ज, व्याज आणि भावाभावांतला व्यवहार. शेतकऱ्यांच्या घरातल्यांनी तर नक्की वाचा.